वेदनाशमनाचे मोल : अमेरिकन वैद्यकीय देयकपद्धती आणि आभासी वास्तव

वेदना कशी शमविली गेली, याचा इतिहास वैद्यकाच्या ग्रंथांतून विस्ताराने आलेला आहे. त्या शमनाचे मोल कोणी ठरविले, ते कोणत्या मापाने मोजले आणि कोणाच्या पदरात पडले, हा त्याच इतिहासाचा दुसरा आणि काहीसा दुर्लक्षित भाग होय. १ जानेवारी २०२३ रोजी अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील वैद्यकीय सेवांच्या सूचीत ०७७१-टी, ०७७२-टी, ०७७३-टी आणि ०७७४-टी असे चार नवे क्रमांक अमलात आले. रुग्णाच्या डोळ्यांवर यंत्र चढवून त्याला संगणकनिर्मित सृष्टीत न्यावयाचे, आणि तो तेथे रमला असता त्याच्या देहावरील क्लेशदायक उपचारक्रिया पार पाडावयाची, या सेवेचे ते क्रमांक आहेत. वरवर पाहता ही हिशेबनिसाच्या टेबलावरील बाब वाटते. परंतु या क्रमांकांची शब्दरचना बारकाईने पाहिली असता तिच्यात पावणेदोनशे वर्षांचा एक वाद गोठलेला आढळतो. रुग्णाची वेदना कमी झाली याबद्दल पैसे द्यावयाचे, की ती कमी करताना वैद्याने जो वेळ घालविला व जो धोका सांभाळला त्याबद्दल द्यावयाचे, हा तो वाद होय. अमेरिकन देयकपद्धतीने त्याचे उत्तर सातत्याने दुसऱ्या बाजूने दिले. आणि म्हणूनच दिलाशाला तेथील देयकात स्थान मिळाले ते धोक्याचे रूप धारण करूनच, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

१. शोधाची मालकी

१६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टन येथील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये विल्यम मॉर्टन या दंतवैद्याने एका रुग्णास ईथरची वाफ हुंगविली आणि जॉन कॉलिन्स वॉरन या शल्यचिकित्सकाने त्याच्या मानेवरील गाठीवर शस्त्रक्रिया केली. हा प्रसंग सर्वश्रुत आहे; त्यानंतरचे काही आठवडे तितके सर्वश्रुत नाहीत. ईथर हे द्रव्य रसायनशास्त्राला जुनेच परिचित होते. मॉर्टनने त्यास रंग व सुवास देऊन त्याची ओळख लपविली, 'लेथिऑन' असे नवे नाव दिले, आणि १२ नोव्हेंबर १८४६ रोजी चार्ल्स जॅक्सन या रसायनज्ञासह त्याचे पेटंट मिळविले. जो परवान्याचे शुल्क भरील त्यानेच ते वापरावे, अशी योजना होती. तथापि द्रव्याचे खरे स्वरूप उघड केल्याशिवाय मोठ्या शस्त्रक्रियेत ते वापरणार नाही, अशी भूमिका रुग्णालयातील शल्यचिकित्सकांनी घेतली. गुपित फुटले आणि त्याबरोबर योजनाही कोलमडली. जे द्रव्य कोणत्याही औषधविक्रेत्याकडे मिळते त्याचा परवाना कोण घेणार? मेक्सिकोच्या युद्धात खुद्द संयुक्त संस्थानांच्या सैन्याने ईथर वापरले, पण आपल्याच सरकारने दिलेल्या पेटंटाची दखल घेतली नाही. मॉर्टनने एक लाख डॉलरच्या मोबदल्यासाठी काँग्रेसकडे वारंवार अर्ज केले. ते निष्फळ ठरले. पुढे १८६२ साली न्यूयॉर्कमधील एका नेत्ररुग्णालयाविरुद्धच्या दाव्यात न्यायालयाने ते पेटंटच अवैध ठरविले. जुनेच द्रव्य जुन्याच रीतीने हुंगविले असता देहावर होणारा एक नवा परिणाम कोणाच्या ध्यानी आला, एवढ्याने तो परिणाम त्याची मालमत्ता होत नाही, असा त्या निर्णयाचा आशय होता.

देयकाच्या इतिहासात या निर्णयाचे महत्त्व मोठे आहे. वेदनाहीनता ही कोणाच्या मालकीची वस्तू होऊ शकत नाही हे ठरल्यावर विकण्यासारखे जे उरले ते भूल देणाराचे श्रम, त्याचा वेळ आणि त्याची दक्षता एवढेच.

औषधावाचून वेदना शमविण्याचा एक प्रयोग याच सुमारास हिंदुस्थानात चालू होता, आणि वेळाच्या हिशेबाच्या दृष्टीने तो बोधप्रद आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील स्कॉटिश शल्यचिकित्सक जेम्स एस्डेल याने १८४५ साली हुगळी येथे मेस्मरच्या पद्धतीने रुग्णांना मोहनिद्रेत नेऊन शस्त्रक्रिया करण्यास आरंभ केला. १८४६ साली कलकत्त्यात त्याच्यासाठी एक छोटे प्रायोगिक रुग्णालयही उघडण्यात आले. मोहनिद्रा आणण्यासाठी रुग्णाजवळ बसून तासन्‌तास त्याच्या अंगावरून हात फिरविण्याची क्रिया करावी लागे. हे थकविणारे काम एस्डेलने रुग्णालयातील देशी साहाय्यकांवर सोपविले होते. ईथर व क्लोरोफॉर्म यांच्या आगमनानंतर ही पद्धती मागे पडली. तिच्या ऱ्हासाची कारणे अनेक आहेत. त्यांत शास्त्रीय मतभेद आहेत, तसाच साध्या वेळाचाही प्रश्न आहे. ईथरला काही मिनिटे पुरत. मोहनिद्रेला एका माणसाचे कित्येक तास लागत. ज्यांचे ते तास होते त्या साहाय्यकांच्या श्रमाचे स्वतंत्र मोल कोणी मांडल्याचे दिसत नाही. पुढील काळात हेच चित्र निराळ्या देशात पुनःपुन्हा दिसणार होते.

२. मोजमापाची घडण

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत भूल देण्याचे काम पुष्कळ ठिकाणी परिचारिका करीत. मिनेसोटा राज्यातील रॉचेस्टर येथे मेयो बंधूंच्या शस्त्रक्रियागृहात काम करणाऱ्या ॲलिस मॅगॉ यांनी १९०६ साली चौदा हजारांहून अधिक भूलप्रयोगांचा आढावा प्रसिद्ध केला. रुग्णाशी धीराने बोलत राहावे, त्याच्या मनावर सूचनेचा परिणाम घडवावा, म्हणजे ईथर कमी लागते आणि भूल सुखकर होते, हा त्यांच्या अनुभवाचा एक महत्त्वाचा निष्कर्ष होता. म्हणजे औषध आणि दिलासा हे दोन्ही तेथे एकाच व्यक्तीच्या हातून मिळत होते. पुढे भूलशास्त्र ही वैद्यांची स्वतंत्र शाखा झाली आणि तिच्या देयकाचे माप ठरविण्याची वेळ आली, तेव्हा या दोहोंपैकी औषध मापात आले. दिलासा बाहेर राहिला.

हे माप घडविण्याचे काम शतकाच्या मध्यास झाले. १९५६ साली कॅलिफोर्नियातील वैद्यक संघटनेने निरनिराळ्या सेवांची सापेक्ष मूल्यसूची प्रसिद्ध केली; १९६२ साली अमेरिकन भूलतज्ज्ञांच्या संघटनेने आपली स्वतंत्र सूची काढली. तिचे सूत्र सुटसुटीत होते. प्रत्येक शस्त्रक्रियेला तिच्या अवघडपणाप्रमाणे व जोखमीप्रमाणे काही मूळ एकके द्यावयाची, त्यांत वेळाची एकके मिळवावयाची, आणि बेरजेला एका डॉलर-दराने गुणावयाचे. वेळाचे एकक सामान्यतः पंधरा मिनिटांचे धरले जाते. ही सूची म्हणजे संगनमताने केलेली दरनिश्चिती आहे, असा आरोप अमेरिकन सरकारने न्यायालयात केला होता. १९७९ साली तो फेटाळला गेला. अशा रीतीने जोखीम आणि काळ हे दोन घटक वेदनाशमनाच्या हिशेबात कायमचे रुजले.

दरम्यान देयकांचे सारे क्षेत्रच बदलत होते. वृद्धांसाठी मेडिकेअर ही सरकारी विमायोजना १९६५ साली कायद्याने स्थापन झाली व १९६६ साली अमलात आली. त्याच १९६६ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनने वैद्यकीय सेवांची 'करंट प्रोसीजरल टर्मिनॉलॉजी', म्हणजे सीपीटी, ही क्रमांकित सूची प्रथम प्रसिद्ध केली. १९८३ साली मेडिकेअरने वैद्यांच्या देयकांसाठी ती स्वीकारली. त्यानंतर ज्या सेवेला सूचीत क्रमांक नाही तिचे पैसे मागणे दुष्कर झाले. किंबहुना क्रमांक हाच सेवेच्या अस्तित्वाचा पुरावा ठरू लागला.

मेडिकेअरच्या मूळ कायद्यात एक छोटे कलम आहे. व्यक्तिगत सुखसोयीच्या वस्तूंसाठी पैसे दिले जाणार नाहीत, असे ते सांगते. त्याखालील नियमांत अशा वस्तूचे उदाहरण म्हणून दूरचित्रवाणी-संचाचा निर्देश आहे. खर्चाला आळा घालणाऱ्या कायद्यात असे कलम असणे स्वाभाविकच म्हटले पाहिजे. पण त्यामुळे एक रेषा आखली गेली. जे उपचार आहे ते देय. जे केवळ सुखकर आहे ते अदेय. वेदनेने तळमळणाऱ्या मुलासमोर ठेवलेले चित्र या रेषेच्या कोणत्या बाजूस पडते, हा प्रश्न १९६५ साली कोणाला पडण्याचे कारण नव्हते.

हार्वर्ड विद्यापीठातील विल्यम श्याव यांच्या संशोधकगटाने १९८८ साली मांडलेल्या आणि १ जानेवारी १९९२ पासून मेडिकेअरने लागू केलेल्या सापेक्ष मूल्यश्रेणीने हीच दिशा पक्की केली. वैद्याच्या कामाचे मूल्य ठरविताना तिने चार गोष्टी धरल्या : लागलेला वेळ, बौद्धिक श्रम व निर्णयशक्ती, तांत्रिक कौशल्य व शारीरिक श्रम, आणि रुग्णाला असलेल्या धोक्यामुळे वैद्याच्या मनावर येणारा ताण. यांतील चौथी बाब ध्यानात घेण्यासारखी आहे. ताण मोजला गेला तो वैद्याचा. रुग्णाचा ताण किती हलका झाला, हे मोजण्याची सोय या श्रेणीत नव्हती.

भूल आणि जागृती यांच्या मधली जी स्थिती, म्हणजे शामक औषधाने रुग्णास गुंगीत ठेवणे, तिचा हिशेब या संदर्भात विशेष उपयुक्त आहे. अशा मध्यम शमनासाठी २००६ साली व पुन्हा २०१७ साली सीपीटीत नवी क्रमांकमाला योजण्यात आली. उपचारक्रिया करणारा वैद्यच शमन करीत असेल तर एक क्रमांक, दुसरा वैद्य करीत असेल तर दुसरा. पहिली पंधरा मिनिटे एका क्रमांकाखाली, पुढील प्रत्येक पंधरा मिनिटे दुसऱ्याखाली. दहा मिनिटांहून कमी वेळास काहीच नाही. वैद्य स्वतःच शमन करीत असेल तर रुग्णाच्या श्वासावर व शुद्धीवर लक्ष ठेवण्यासाठी एक स्वतंत्र प्रशिक्षित निरीक्षक आवश्यक असतो आणि त्याने त्या वेळी दुसरे काम करावयाचे नसते. २०१७ च्या मेडिकेअर सूचीत पाच वर्षांवरील रुग्णाच्या पहिल्या पंधरा मिनिटांना, उपचार करणाऱ्याच वैद्याच्या हाती शमन असता, कामाचे ०·२५ एकक मिळाले. दुसऱ्या वैद्याच्या हाती असता १·६५. पहिल्या प्रकारातील पुढील पंधरा मिनिटांचे कार्यमूल्य शून्य होते. कारण त्या मिनिटांत रुग्णाजवळ जो लक्ष देऊन उभा असतो तो निरीक्षक, बहुधा परिचारिका. आणि तिचे श्रम वैद्याच्या कामात मोडत नाहीत.

३. चित्त वळविण्याची विद्या

देयकाची ही चौकट घडत असताना वेदनेविषयीचे ज्ञान वेगळ्या दिशेने चालले होते. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या रणभूमीवर काम केलेले बोस्टनचे भूलतज्ज्ञ हेन्री बीचर यांनी १९४६ साली दाखवून दिले, की गंभीर जखमा झालेले अनेक सैनिक वेदनाशामकाची मागणीच करीत नाहीत. जखमेचा आकार आणि वेदनेची तीव्रता यांचे सरळ प्रमाण नाही. १९६५ साली रोनाल्ड मेल्झॅक व पॅट्रिक वॉल यांनी या निरीक्षणांना शारीरक्रियेचा आधार देणारा सिद्धान्त मांडला : पृष्ठरज्जूत जणू एक दार असते, खालून येणारे वेदनेचे संदेश त्यातून किती पुढे जातील हे मेंदूकडून येणाऱ्या नियंत्रणावरही अवलंबून असते. या सिद्धान्ताच्या तपशिलात पुढे पुष्कळ बदल झाले. पण अवधान दुसरीकडे गेल्यास वेदना खरोखरच घटते, ही केवळ समजूत नव्हे, एवढे त्याने प्रतिष्ठित केले.

रुग्णालयात हे ज्ञान आचरणात आणणारा एक वर्गही तयार होत होता. १९५५ साली क्लीव्हलंड येथे एमा प्लँक यांनी रुग्णालयातील मुलांसाठी खेळ व शिक्षण यांचा कार्यक्रम सुरू केला. त्यातून आणि अन्यत्र चाललेल्या तशाच प्रयत्नांतून पुढे बालजीवन-साहाय्यकांचा स्वतंत्र पेशा उभा राहिला. सुई टोचण्यापूर्वी मुलाला बाहुलीवर ती क्रिया दाखविणे, टोचताना गोष्ट सांगणे, साबणाचे फुगे उडविणे, हे त्यांचे काम. या कामाचे सामान्यतः स्वतंत्र देयक होत नाही. रुग्णालयाच्या सर्वसाधारण खर्चातून व देणग्यांतून ते चालते.

प्रौढांविषयीचा पुरावा अधिक बोलका आहे. २००० साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात एल्व्हिरा लँग व त्यांच्या सहकाऱ्यांनी २४१ रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध केली. रक्तवाहिन्या व मूत्रपिंड यांत त्वचेतून नळी घालून करावयाच्या क्रियांत काही रुग्णांना नेहमीची शुश्रूषा, काहींना पद्धतशीर अवधान आणि काहींना स्वसंमोहनाची साथ देण्यात आली. संमोहनाच्या गटात वेदना वेळाबरोबर वाढत गेली नाही, औषध कमी लागले, आणि क्रियेचा सरासरी वेळ ७८ मिनिटांवरून ६१ मिनिटांवर आला. २००२ साली त्याच गटाने खर्चाचे गणित मांडले : नेहमीच्या शमनाचा प्रत्येक रुग्णामागील खर्च ६३८ डॉलर, संमोहनाची जोड दिली असता ३०० डॉलर.

एवढी बचत दाखविणारी पद्धती सर्वत्र का पसरली नाही, या प्रश्नाच्या उत्तराचा एक भाग देयकाच्या रचनेतच आहे. बचत रुग्णालयाची होती. जो रुग्णाशी बोलत बसला त्याला तिच्यातून काही मिळण्याची वाट नव्हती. सूचीत संमोहनोपचाराला क्रमांक होता, पण तो मानसोपचाराच्या विभागात, मानसोपचारकाची भेट कल्पून दिलेला. उलट पंधरा-पंधरा मिनिटांनी मोजणाऱ्या पद्धतीत क्रिया लवकर आटोपली की देयक वाढत नाही, घटते. दिलाशाने वाचविलेली मिनिटे हिशेबात उणे बाजूस पडत होती.

४. सिअ‍ॅटलची हिमसृष्टी

आभासी वास्तवाचा प्रवेश या टप्प्यावर झाला. वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधक हंटर हॉफमन आणि सिअ‍ॅटलच्या हार्बरव्ह्यू रुग्णालयातील भाजलेल्या रुग्णांच्या विभागात काम करणारे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड पॅटरसन यांनी १९९६ च्या सुमारास एकत्र काम सुरू केले. भाजलेल्या रुग्णाची जखम वरचेवर धुवावी लागते, मृत त्वचा खरवडून काढावी लागते. अफूजन्य औषधे देऊनही ही क्रिया असह्य होते. हॉफमन यांच्या प्रयोगशाळेत त्या वेळी कोळ्याच्या भीतीवर उपचार करण्यासाठी तयार केलेले एक आभासी स्वयंपाकघर होते. आरंभी तेच वापरण्यात आले. २००० साली 'पेन' या नियतकालिकात दोन किशोरवयीन रुग्णांचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. नेहमीचा व्हिडिओ खेळ खेळताना जेवढी वेदना जाणवली, त्याहून आभासी सृष्टीत असताना ती पुष्कळ कमी जाणवली, असे दोघांनी सांगितले होते. त्यानंतर खास भाजलेल्यांसाठी 'स्नोवर्ल्ड' ही हिमसृष्टी रचण्यात आली. तिच्यात रुग्ण बर्फाळ घळीतून तरंगत जातो आणि हिममानवांवर व पेंग्विनांवर बर्फाचे गोळे फेकतो. अग्नीने पोळलेल्या देहासाठी बर्फाची योजना करण्यामागील कल्पकता सहज लक्षात येते. मूळ तत्त्व मात्र साधे होते. मनुष्याचे अवधान मर्यादित असते. ते भोवतालच्या सृष्टीने व्यापले, की वेदनेच्या वाट्याला थोडे उरते.

२००४ साली याच गटाने निरोगी व्यक्तींवर मेंदूच्या चुंबकीय प्रतिमांच्या साहाय्याने प्रयोग केला. आभासी सृष्टीत असताना वेदनेशी निगडित अशा मेंदूच्या पाच भागांतील क्रियाशीलता घटल्याचे त्यात आढळले. २०११ साली युद्धात भाजलेल्या बारा अमेरिकन सैनिकांच्या जखमा साफ करताना यंत्र एका यांत्रिक बाहूवर टांगून वापरले गेले, कारण चेहरा व डोके भाजलेल्या माणसाला ते डोक्यावर बांधता येत नाही.

ही साधने दीर्घकाळ प्रयोगशाळेपुरती राहिली, कारण ती अवजड व महाग होती. २०१६ साली ऑक्युलस रिफ्ट हा हेडसेट ५९९ डॉलरला सामान्य ग्राहकांसाठी बाजारात आला आणि ही अडचण बव्हंशी दूर झाली. २०१९ साली लॉस एंजेलिसच्या सीडर्स-सिनाय रुग्णालयातील १२० रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध झाली. तीत हेडसेटची तुलना खोलीतील दूरचित्रवाणीवरील आरोग्यविषयक कार्यक्रमाशी करण्यात आली होती व हेडसेटच्या गटात वेदना अधिक घटल्याचे दिसले. या तुलनेला देयकाच्या दृष्टीनेही अर्थ आहे. १९६५ च्या कायद्याखालील नियमांत दूरचित्रवाणी हा अदेय सुखसोयीचा नमुना होता. हेडसेट त्याहून निराळा आहे, हे सिद्ध होणे केवळ शास्त्राच्याच नव्हे, हिशेबाच्याही दृष्टीने आवश्यक होते.

५. चार क्रमांकांचा पाठ

या पार्श्वभूमीवर २०२३ चे चार क्रमांक वाचावयास हवेत. त्यांना दिलेले नाव 'आभासी वास्तवाद्वारे प्रक्रियाकालीन वियोजन' अशा अर्थाचे आहे. 'मनोरंजन', 'दिलासा', 'चित्त वळविणे' यांपैकी कोणताही शब्द शीर्षकात नाही. व्याख्येत ही सेवा म्हणजे बदललेल्या संवेदनावस्थेचा एक प्रकार मानली आहे. रुग्णाचे सुख वाढविणे, त्याची सहनशक्ती वाढविणे व वेदना कमी करणे हे तिचे हेतू म्हणून सांगितले आहेत. आणि या अवस्थेत रुग्ण तोंडी सूचनेला, गरज पडल्यास हलक्या स्पर्शाच्या जोडीने, हेतुपूर्वक प्रतिसाद देतो, असे म्हटले आहे. हे अखेरचे वर्णन परिचित आहे. भूलतज्ज्ञांच्या संघटनेने १९९९ साली शमनाच्या पायऱ्या ठरविल्या, तेव्हा मध्यम शमनाची ओळख जवळजवळ याच शब्दांत करून दिली होती.

साम्य येथेच संपत नाही. ०७७१-टी हा क्रमांक उपचार करणाराच वैद्य ही सेवा देत असल्यास पहिल्या पंधरा मिनिटांचा. ०७७२-टी पुढील प्रत्येक पंधरा मिनिटांचा. ०७७३-टी व ०७७४-टी हे दुसरा वैद्य ती देत असल्यास अनुक्रमे तसेच. पहिल्या प्रकारात रुग्णाची शुद्धी व शारीरिक स्थिती यांवर लक्ष ठेवणारा स्वतंत्र प्रशिक्षित निरीक्षक आवश्यक. रुग्णाचे वय पाच वर्षे वा अधिक. २०१७ ची शमनाची क्रमांकमाला समोर ठेवली, की हा आराखडा तिच्यावरूनच उतरविला आहे याविषयी शंका राहत नाही. औषधाच्या जागी चित्र आले; बाकीचा साचा तोच राहिला.

साचा उसना घेण्यात गैर काही नाही. नवी सेवा जुन्या सूचीत बसवावयाची तर हेच करावे लागते. परंतु शमनाच्या साच्यातील प्रत्येक अट एका विशिष्ट धोक्यातून जन्मलेली होती. शामक औषधाने श्वास मंदावतो, रुग्ण नकळत अधिक खोल गुंगीत जाऊ शकतो; म्हणून निरीक्षक हवा. हेडसेटने मळमळ वा भोवळ येऊ शकते, अपस्माराच्या रुग्णाबाबत सावधगिरी लागते. पण औषधाप्रमाणे श्वास मंदावण्याचा धोका त्यात नाही, आणि तो काढताच रुग्ण पूर्ववत होतो. वास्तविक ज्या गुणामुळे ही पद्धती स्पृहणीय ठरली तो हाच. देयकात येण्यासाठी तिला त्याच गुणावर पांघरूण घालावे लागले आणि ज्या औषधाची जागा ती घेऊ पाहत होती त्याच्यासारखेच दिसावे लागले.

याविरुद्ध असे म्हणता येईल, की खोल तल्लीनतेत रुग्ण अचानक हलू शकतो, आणि नाजूक क्रियेत ते घातक ठरेल. तेव्हा निरीक्षक अनाठायी नाही. मोठ्या क्रियांच्या बाबतीत हा युक्तिवाद ग्राह्य आहे. पण रक्त काढणे, टाके घालणे, जखमेवरील पट्टी बदलणे अशा ज्या असंख्य लहान क्रियांत मुले सर्वांत अधिक भेदरतात, त्यांसाठी दोन प्रशिक्षित माणसे अडकवून ठेवण्याइतका खर्च कोणी करणार नाही. तेथे परिचारिका आपल्या हाताने हेडसेट चढवील, मूल शांत होईल, आणि देयकात त्याची कोणतीही खूण उमटणार नाही.

६. यंत्राची वाट

याच काळात आभासी वास्तवाला देयकात येण्याची आणखी एक वाट उघडली. १६ नोव्हेंबर २०२१ रोजी अमेरिकन अन्न व औषध प्रशासनाने 'ईझव्हीआरएक्स' या यंत्रणेच्या विक्रीस मान्यता दिली. कंबरेच्या जुनाट दुखण्यासाठी, वैद्याच्या चिठ्ठीवर, रुग्णाने घरी वापरावयाचा हा आठ आठवड्यांचा कार्यक्रम होता. १७९ रुग्णांच्या चाचणीत यंत्रणा वापरणाऱ्यांपैकी ६६ टक्के लोकांनी वेदना तीस टक्क्यांहून अधिक घटल्याचे सांगितले. तुलनेच्या गटात हे प्रमाण ४१ टक्के होते. १ एप्रिल २०२३ पासून मेडिकेअर प्रशासनाने अशा यंत्रासाठी ई-१९०५ हा क्रमांक दिला आणि त्यास टिकाऊ वैद्यकीय उपकरणांत, म्हणजे चाकांची खुर्ची व रुग्णशय्या यांच्या पंक्तीत, बसविले. यंत्रात उपचाराचा कार्यक्रम आधीच भरलेला असणे हे क्रमांकाच्या वर्णनातच नमूद आहे.

दोन वाटांची तुलना उद्बोधक आहे. घरी एकट्याने वापरावयाचे यंत्र वस्तू म्हणून देय झाले. रुग्णालयात दुसऱ्याच्या देखरेखीखाली वापरावयाचे यंत्र वैद्याचा वेळ म्हणून मोजले गेले. पहिल्या वाटेवर यंत्राला मोल आहे, दुसऱ्या वाटेवर दक्षतेला. रुग्णाच्या शेजारी बसून त्याचे मन गुंतविणाऱ्या माणसाला मात्र दोहोंपैकी एकाही वाटेवर जागा नाही.

७. उपसंहार

०७७१-टी ते ०७७४-टी हे क्रमांक सीपीटीच्या तिसऱ्या वर्गातील आहेत. हा वर्ग उदयोन्मुख सेवांसाठी आहे. त्यातील क्रमांकांना सापेक्ष मूल्य दिले जात नाही. पैसे द्यावयाचे की नाही हे विमा देणारा ठरवितो, आणि अशा सेवा अद्याप प्रायोगिक आहेत म्हणून नकार मिळणे ही नेहमीची गोष्ट आहे. या क्रमांकांचे प्रधान प्रयोजन नोंद हे होय : सेवा किती ठिकाणी, किती वेळा दिली जाते हे कळावे. पाच वर्षांत पुरेसा वापर व पुरावा दिसला तर सेवा पहिल्या वर्गात जाऊ शकते. नाही तर क्रमांकाची मुदत वाढवून घ्यावी लागते वा तो सूचीतून निघून जातो. प्रस्तुत चार क्रमांकांची मुदत जानेवारी २०२८ ही आहे.

या प्रयोजनातच मोठी अडचण दडलेली आहे. नोंद होईल ती निरीक्षकासह, पंधरा मिनिटांच्या मापाने, वैद्याच्या हातून झालेल्या प्रयोगांची. जेथे परिचारिकेने पाच मिनिटे हेडसेट लावून एका मुलाचे टाके घालू दिले, तेथे नोंद होणार नाही. मग सेवा फारशी वापरली जात नाही असे आकडे सांगतील, आणि ते आकडे चुकीचे म्हणता येणार नाहीत. फक्त ते ज्या मापाने घेतले ते माप वेगळ्याच वस्तूसाठी घडविलेले होते, एवढेच. ज्या इतिहासकारांना पुढे या काळाचे वेदनाशमन अभ्यासावयाचे असेल, त्यांनी देयकांच्या नोंदीवर विसंबताना ही मर्यादा ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. देयक हे घडलेल्या गोष्टींचे प्रतिबिंब नसते. जे मागण्याजोगे होते त्याची ती यादी असते.

मॉर्टनला वेदनाहीनतेची मालकी मिळाली नाही, हे समाजाच्या दृष्टीने हितकर झाले. परंतु परिणाम कोणाच्याही मालकीचा नाही, असे म्हणून थांबता परिणामाला हिशेबातच जागा राहिली नाही. हुगळीचे देशी साहाय्यक, ईथर देताना रुग्णाशी बोलत राहणाऱ्या ॲलिस मॅगॉ, क्लीव्हलंडच्या एमा प्लँक, आणि हेडसेटचा पट्टा हलक्या हाताने बांधणारी आजची परिचारिका, ही एकाच परंपरेतील माणसे आहेत. त्यांच्या कामाचा परिणाम रुग्णाने अनुभवला, चाचण्यांनी मोजला, मेंदूच्या प्रतिमांनी दाखविला. सूचीत मात्र तो शिरला तो पंधरा मिनिटांच्या दक्षतेच्या नावाने. २०२८ मध्ये या क्रमांकांचे जे काही होईल ते होवो; वेदना किती घटली, हा प्रश्न देयकाच्या कागदावर अजून एकदाही विचारला गेलेला नाही.